कुकडीच्या कपारीतला पट्टेरी दगड

तो दगड कातळात मुळातच रुतलेला आहे का, एवढंच मला बघायचं होतं. असेल, तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हानं वर येताना खोलवरचं लोहखनिज ओरबाडून आणलं, हे सिद्ध झालं असतं. नसेल, तर माझा प्रबंध संपला.

राहू गावच्या महेंद्रनं, माझ्या वर्गमित्रानं, टाकळी हाजीजवळ कुकडी नदीच्या घळईत त्या दगडाचा फोटो काढला होता. लाल-काळे पट्टे! असे थर अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या समुद्रात साचले. पाण्यात ऑक्सिजन मिसळू लागला, विरघळलेलं लोखंड गंजलं आणि तळाशी बसलं. इथल्या लाव्हाच्या काळ्या कातळात त्याचं काही काम नव्हतं.

दोर आमच्या वाटाड्याच्या, कवठे येमाई गावच्या बिरदेवमामांच्या हातात होता. "पोरी, धरणातनं पाणी सोडायचं म्हनत्यात. रेंगाळू नगंस."

"ती दगडांशी बोलत बसेल, मामा," महेंद्र म्हणाला.

"बोलू दे की! दगड बोलाय लागला तर मातुर मी दोर सोडून पळनार."

मी उतरले. पाण्यानं कोरलेल्या रांजणखळग्यांच्या खाली वरचं बोलणं पोचत नव्हतं. होकायंत्राची सुई उत्तर सोडून कपारीकडे वळली. मी डावीकडे सरकले. सुई उजवीकडे फिरली, पुन्हा कपारीकडेच. लोहखनिज सुईला ओढतं, हे मला ठाऊक होतं. तरी अंगावर काटा आला.

आत, भिंतीत, तो होता. गुडघ्याएवढा. मी हातोडी काढली.

एकाएकी घळईतली सगळी कबुतरं उडाली. मग घरघर. पाणी!

"वर ये! अंकिता, वर ये!" महेंद्र जिवाच्या आकांतानं ओरडला.

एक घाव, एक तुकडा, बस्स! घाव घालायला जागा हवी म्हणून दगडाची कड चाचपली. लाव्हानं भाजलेली कडक कड लागायला हवी होती. बोटांना खळगे लागले. चार, ओळीत. टॉर्च धरला. चुना! ओला असताना कुणीतरी दाबून लिंपलेला. माझी चार बोटं त्या खळग्यांत नेमकी बसली.

पाणी मांडीला लागलं. मी हातोडी खाली घेतली आणि दोराला हिसका दिला.

वर आल्यावर महेंद्रनं आधी माझे हात बघितले. "तुकडा?"

"नाही घेतला. लाव्हानं नाही आणलेला तो. कुणीतरी आणून चुन्यानं बसवलाय."

"अगं, पण वय तर अडीच अब्जच निघालं असतं! चुन्याचं कुणाला कळलं असतं?"

"मला कळलंय."

खाली पाणी कपारीत शिरत होतं. आतली हवा, कुणी लांब श्वास सोडावा तशी, घुमत बाहेर पडत होती. बिरदेवमामा घाईघाईनं दोर गुंडाळू लागले.