झोपा की मग गादीवर!

“पोरांनीच आणला रोग! दुसरं कोण?”

बढाईकाका असं म्हणाले आणि ठिणगीच्या कानांतून धूर निघाला. खरोखरचा धूर होता की नाही, ते तिच्या धाकट्या भावाला विचारा. तो शेजारीच उभा होता, आणि भाजू नये म्हणून चटकन मागे सरकला होता!

“आम्ही?” ठिणगी ओरडली. “आम्ही यायच्या आधीपासून पिल्लं मरतायत!”

“आवाज खाली!” मामा कडाडले. “मोठ्यांशी बोलायची ही कुठली रीत?”

मामांचा कोंबड्या पाळायचा धंदा. यंदा सुट्टीच्या तोंडावरच अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं आणली होती. पत्र्याचं गोल रिंगण, वरून ऊब द्यायला मोठाले बल्ब, खाली भुशाची जाडजूड गादी. त्यालाच म्हणायचं ब्रूडर. आई नसलेल्या पिल्लांची ती आईच! ती पिवळी पिल्लं बघायला मिळणार म्हणून ठिणगी वर्षभर शहाण्यासारखी वागली होती. तिच्यासाठी हे म्हणजे हत्तीने दोरीवरच्या उड्या मारण्याइतकं अवघड! आणि इथे येऊन बघते तर काय, रोज सकाळी मेलेली पिल्लं घमेल्यातून बाहेर चाललेली.

बढाईकाका शेडची देखभाल करत. त्यांची मिशी एवढी मोठी, की ते दारात यायच्या आधी ती आत येऊन बसायची. “मी नुसता खाकरलो तरी कोंबडी दोन अंडी घालते,” असं ते सांगत. पिल्लांना सर्दी झालीय, हे त्यांनीच ठरवलं. सर्दीचं औषधही त्यांनीच पाण्यात कालवलं. गुण काडीचा नाही!

“आता ऐका,” मामा म्हणाले. “संध्याकाळी मी सगळी पिल्लं पुरून टाकणार. रोग मोठ्या कोंबड्यांपर्यंत गेला तर धंदाच बसेल.”

“जी धडधाकट आहेत तीसुद्धा?” ठिणगीचा आवाज चिरकला.

“सगळी! आणि तुम्ही तिघं शेडजवळ दिसलात, तर पहिल्या गाडीने घरी!”

तिघं म्हणजे ठिणगी, तिचा भाऊ आणि मामांची मुलगी. भावाला सगळे शंकासुर म्हणत, कारण तो झोपेतही “पण का?” असं विचारायचा. मामेबहिणीचं नाव पडलं होतं घुमी. ती एवढं कमी बोलायची, की तिच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलंय असं शंकासुर म्हणे.

मामा गेले. तिघं जेमतेम आंब्याच्या फोडी खाऊन होईपर्यंत गप्प बसली आणि तडक शेडमागच्या खिडकीत गेली!

“बघ तरी त्यांच्याकडे!” ठिणगी दात-ओठ खात म्हणाली. “आणि हे म्हणतात पुरून टाका!”

काही पिल्लं इकडेतिकडे पळत होती. पण मागच्या भिंतीकडची पंख पाडून, डोळे मिटून बसली होती. त्यांनी माना ताणल्या होत्या, चोची उघड्या होत्या, आणि पोटं भात्यासारखी हलत होती.

“आवाज नाही,” घुमी म्हणाली.

दोघांनी दचकून तिच्याकडे पाहिलं.

“सर्दी झालेली कोंबडी घरघरते, शिंकते,” घुमी म्हणाली. “मी ऐकलीय. ही नुसती चोच उघडतायत. आवाजच नाही.”

“पण भिंतीकडचीच का?” शंकासुराने विचारलं. “ह्या बाजूची का नाहीत?”

“चल, बघू!” म्हणत ठिणगी खिडकीतून आत उतरलीसुद्धा.

भिंतीकडची गादी वरून छान दिसत होती. सोनेरी, कोरडी, भुरभुरीत. ठिणगीने हात खुपसला. आतून गार आणि ओलं लागलं! तिने एक ढेकूळ उपसलं. काळपट, आणि त्यावर करडी-हिरवी लव. कुबट वास असा भपकन आला, की शंकासुराचं नाक काही काळ गावाला जाऊन आलं.

“बुरशी!”

भुशाची पोती कुठे होती, ते घुमीला माहीत होतं. गळक्या टाकीखाली! काकांनी भिंतीकडे भिजलेला भुसा खाली अंथरला होता आणि वरून कोरड्याचा पातळ थर पसरला होता. उन्हात वाळवायचा कंटाळा, दुसरं काय!

तेवढ्यात ठिणगीच्या पायाशी एक पिल्लू कलंडलं. तिने ते ओंजळीत घेतलं. त्याने एकदा चोच उघडली, मग ती उघडीच राहिली.

ठिणगी रडली नाही. तिचे ओठ पांढरे पडले. “मी आत्ता जाऊन काकांच्या मिशीला गाठ मारते!”

“मारशील गं,” शंकासुराने तिचा फ्रॉक धरला. “पण नुसतं सांगितलंस, तर ते सगळं झाकतील, नाहीतर हे ढेकूळ आपणच आणलं म्हणतील. त्यांच्याच तोंडून वदवायला हवं. डॉक्टरीणबाई आल्यात!”

खरंच! जनावरांच्या डॉक्टरीणबाई मोठ्या कोंबड्या तपासायला आल्या होत्या. पिल्लांचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. घुमीने त्यांचा हात धरला आणि एकच वाक्य बोलली, “पिल्लं मरतायत, चला.” घुमी बोलली म्हणजे गोष्ट गंभीर! बाई निघाल्या. मागून मामा आणि काका धावत आले.

“तुम्ही पुन्हा इथे?” मामा लाल झाले.

ठिणगीने राग गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच गिळला, म्हणून तिला ठसका लागला.

“काका,” ती गोड आवाजात म्हणाली, “गादी तुम्ही घातलीत ना? काय सुंदर आहे हो!”

काकांची मिशी फुलली. “मग? अशी गादी राजाच्या पलंगावर नसेल! कोरडी ठणठणीत! मी स्वतः झोपेन हिच्यावर!”

“झोपा की मग!” ठिणगीचा खरा आवाज फुटला. “तिथे नाही! भिंतीकडे झोपा! पिल्लं झोपतात तिथे!”

काकांनी मामांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. आता माघार घेतली तर मिशीची शान जाणार! ते ऐटीत आडवे झाले, कुशीवर वळले, आणि वजनाने वरचा थर फसकन सरकला.

“आक् छीऽऽ!”

शिंक अशी, की बल्ब झोके घेऊ लागले. काका उठले तेव्हा सदऱ्याची पाठ ओली होती, आणि मिशीला हिरवी लव चिकटली होती!

“बाहेर व्हा आधी!” बाईंनी काकांना कॉलर धरून ओढलं. “ही धूळ माणसाच्या फुफ्फुसातही जाते! सगळ्यांनी नाकाला फडकी बांधा!”

मग त्यांनी आजारी पिल्लू कानाशी धरलं, मेलेलं उघडून बघितलं. फुफ्फुसात बारीक पिवळट गाठी होत्या.

“हा बुरशीचा आजार. सर्दीचं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!”

“मग कुठलं औषध द्यायचं?” ठिणगीने विचारलं.

“ज्यांच्या फुफ्फुसात बुरशी भिनलीय त्यांना औषध नाही गं. पण बाकीची वाचतील. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही, खराब गादीतून लागतो. पुरायचीच असेल तर गादी पुरा!”

मामा चाचरले. “पण काका म्हणाले होते...”

“काका म्हणाले!” ठिणगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “तुम्ही एकदा तरी हात घालून बघितलंत? आमच्यावर आळ घ्यायला वेळ होता, वाकायला नव्हता?”

कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. मामांनी नाकाला फडकं बांधलं आणि फावडं उचललं.

मग जी धांदल उडाली! धडधाकट पिल्लं स्वच्छ खोक्यांत, बल्बखाली. धापा टाकणारी वेगळ्या खोक्यात. सगळी गादी पोत्यांत भरून लांब पुरली. पाण्याची आणि दाण्याची भांडी घासली. बाईंनी सांगितल्याप्रमाणे बुरशी मारायला मोरचुदाचं निळं पाणी फवारून जमीन खडखडीत वाळवली. वरच्या खिडक्या उघडल्या, खालून वारा लागू दिला नाही. काका सगळ्यात जास्त पोती वाहत होते, आणि चक्क मुकाट्याने!

वेगळ्या खोक्यातली बहुतेक पिल्लं गेली. बाकीच्यांत मात्र नवं कुणी आजारी पडलं नाही.

“ह्या तिघांनी तुमची शेड वाचवली,” पुन्हा आल्यावर बाई म्हणाल्या. “असे कान, असे प्रश्न आणि असा संताप शिकवून येत नाही!”

“खरंय,” मामा सगळ्यांसमोर म्हणाले. “चूक माझी. पोरांनो, शाबास!”

घुमी लाजली. शंकासुराने “शाबास का?” असं विचारून टपली खाल्ली. ठिणगी हसली नाही.

मामांनी नव्या भुशाचं पोतं उघडलं, अगदी तळातून मूठभर भुसा काढला आणि तिच्या नाकापुढे धरला. “टाकू?”

तिने चोळून पाहिला. हुंगला. “टाका.”

“राग गेला का गं?”

“नाही.”

“बरंय,” मामा म्हणाले आणि वाकून भुसा पसरू लागले. “राहू दे तसाच.”