फिका पडणारा नीलम

"रंग उडाला! रंग उडाला!" नीलमावरून शनीचा कौल सांगणारे महाराज ओरडले आणि अख्खा तांडा खड्याकडे पाहू लागला.

त्यांच्या चिमटीतला निळा खडा उन्हात खरोखरच पाण्यासारखा फिका पडला होता.

"देवसिंग, आज बापाले शिवेबाहेर नेशील तर वाटेतच जाईल तो! शनिवारी पूजा होऊ दे. नीलम निळा राह्यला, की मग ने."

अंजूच्या बापूंनी, म्हणजे देवसिंगांनी, दारात आलेला ऑटो मुकाट्यानं परत पाठवला.

आत खाटेवर भीमसिंग आबा तापानं फणफणले होते. शेतात कपाशीच्या पऱ्हाटीचा खुंट रुतून पाय चिघळला होता, त्यात साखरेचा आजार! काल निळसर दिसणारा अंगठा आज काळा पडला होता. "आजच यवतमाळला आणा, नाहीतर पाय कापावा लागेल," असं डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं. आणि शनिवार तर अजून दोन दिवसांवर! अंजूला रडू येत होतं.

"तायडे, तो खडा आबाले खाऊन राह्यला का वं?" धाकट्या राजकुमारनं हळूच विचारलं.

"चूप बस! मी महाराजाची बोटं पाहत होती. रंग उडायच्या आधी दरवेळी तो खडा फिरवते. काहून?"

दिवाळीच्या सुट्टीत राहायला आलेली तिची मैत्रीण प्रेरणा टुणकन उठली. "माझ्या आजोबांना दाखवू! दिग्रसमध्ये त्यांचा जन्म खडे पारखण्यात गेलाय."

जाताना महाराजांनी खडा पुरचुंडीत बांधून आबांच्या उशाखाली ठेवला होता. तो हलवला तर अनर्थ होईल, अशी महाराजांची ताकीद होती. अंजूनं हात घातला आणि नेमके तेव्हाच आबा कण्हले. खरंच आपल्यामुळे काही झालं तर? तिनं डोळे मिटून खडा मुठीत घेतला आणि तिघं बसथांब्याकडे पळाली.

दिग्रसला प्रेरणाच्या आजोबांनी, वामनरावांनी, खडा उन्हात धरून बोटांत फिरवला. निळा! पाव वळसा दिला, तर फिका. पुन्हा निळा!

"अरे, ही तर काका नीली, नीलमासारखा दिसणारा स्वस्तातला खडा! हिचा रंग बघू त्या बाजूनं बदलतो. रचनाच तशी असते तिची," ते म्हणाले. मग त्यांनी तिजोरीतून तेवढ्याच आकाराचा खरा नीलम काढला. "हा फिरवून बघ. छटा थोडी हलेल, पण असा पाण्यासारखा कधीच होणार नाही."

तराजूत नीलमाचं पारडं झपकन खाली गेलं. दीडपट जड! राजकुमारनं खिशातली गारगोटी पुढे केली. नीलमाच्या एका तुटक्या कपच्यानं तिच्यावर सहज ओरखडा उठला. काका नीलीची कड मात्र नुसतीच घसरली.

"म्हणजे शनी-बिनी काही नाही?" राजकुमारचा चेहरा पडला. त्याला शनी बघायचा होता!

"आजोबा, हा नीलम तासभर द्याल?" अंजूनं विचारलं.

"देतो की! पण त्याच्यासोबत मीही येणार!"

दिवस मावळायच्या आत महाराज पुन्हा हजर झाले. अंजूनं आदबीनं उशाखालची पुरचुंडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी खडा उन्हात धरला, फिरवला. निळा. पुन्हा फिरवला. निळाच!

"महाराज, उलटा करून पाहा ना!" राजकुमार म्हणाला.

महाराजांच्या कपाळावर घाम आला. "आज... आज शनी बोलून नाही राह्यला."

"माह्याशी बोलते तो!" अंजूनं खिशातून काका नीली काढली. "बापू, पाहा! निळा... फिका... निळा! हा तुमचा खडा, महाराज. तुमच्या हातात आहे तो खरा नीलम, या आजोबांचा!"

वामनरावांनी शांतपणे आपला नीलम काढून घेतला. महाराज फटफटीकडे धावले, पण तांड्यातल्या बाया आडव्या उभ्या राहिल्या. बापूंनी मात्र तिकडे पाहिलंही नाही. ते आबांना खांद्यावर घेऊन, वामनराव ज्यातून आले होते त्या ऑटोकडे पळत सुटले होते.

यवतमाळला आबांची दोन बोटं गेली. पाय वाचला. "शनिवारपर्यंत थांबला असतात, तर पाय तर गेलाच असता, माणूसही हाती लागला नसता," डॉक्टर म्हणाले. बापूंना मान वर करवेना.

शुद्धीवर आल्यावर आबांनी तो खडा मागितला. खिडकीतल्या उन्हात बराच वेळ फिरवला. निळा, फिका, निळा.

"किती सुंदर हाय हा! याचा काय दोष?" ते म्हणाले आणि अंजूचा हात त्यांनी घट्ट धरला. "पोरी, सारा तांडा खडा पाहत होता. तू एकटीनं ती फिरवणारी बोटं पाह्यली. म्हणून मी अजून दोन पायावर उभा राहीन."

बापूंनी अंजूला जवळ घेतलं.

"आबा, आठ बोटांवर!" राजकुमारनं हिशेब दुरुस्त केला, आणि किती दिवसांनी आबा हसले!