राहिलेला बाविसावा भाग

दार लोटून घ्या रे. आणि तो पंखा बंद करा, उगाच करकर करतोय. रिलीजला अजून दोन तास आहेत, तुम्हाला झोपू द्यायचं नाही, म्हणून सांगतो. नुसती गोष्ट समजू नका. जिच्यावर हे गुदरलं, तिच्याबरोबर मी सहा वर्षं याच टेबलावर डबा खाल्लाय.

तिला तिचे सर 'टिंब' म्हणायचे. व्हर्जन नंबरमधलं एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी बाईसाहेबांना जेवण गोड लागायचं नाही, म्हणून टिंब. दुसऱ्या कुणी तसं म्हटलेलं तिला खपायचं नाही. वडील लहानपणीच गेलेले, त्यांच्या जागी ती सरांना मानायची.

सोमवारची रात्र. म्हणजे घड्याळाच्या हिशेबानं मंगळवार, अकरा नोव्हेंबर, रात्रीचे पावणेदोन. वर ती एकटी, खाली वॉचमन. काम अगदी किरकोळ. सलाइनच्या पंपाचं आपलं हेच सॉफ्टवेअर, त्याचे बावीस भाग. प्रत्येक रिलीजला, म्हणजे नवं व्हर्जन बाहेर पडताना, बावीसही भागांवर नवा नंबर चढवावा लागतो. एखाद्यावर जुना राहिला, तर पंप तो भाग जुनाच उचलतो. टर्मिनल उघडायचं, एक कमांड द्यायची, पापणी लवायच्या आत सगळे नंबर बदलतात. ज्याच्या मशीनवरून, म्हणजे ज्याच्या खात्यातून बदललं, त्याचं नाव नोंदीत लागतं. झालं, घरी जायचं.

पण तिचा हात एंटरवर अडला. दर वेळी अडायचा.

चार वर्षांपूर्वी असाच नंबर चढला होता, पण एकवीसच भागांवर. औषधाचा डोस ठरवणारा बाविसावा भाग जुनाच राहिला. एका शिक्षिकाबाईंना दुप्पट औषध गेलं. बाई वाचल्या, पण पुन्हा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. नोंदीत नाव कुणाचं? टिंबचं. ती तेव्हा सलग तीस तास जागी होती, तिला धड काही आठवेना. नोंद सांगते म्हणजे आपणच केलं असणार, असं तिनं धरून घेतलं. मीटिंगमध्ये सर उभे राहिले. म्हणाले, "पोर दमली होती हो. तिला काढायचं असेल तर आधी मला काढा." सगळ्यांचे डोळे ओले झाले. माझेसुद्धा.

तेव्हापासून दर रविवारी ती त्या बाईंकडे जायची. पेपर वाचून दाखवायची, पाय चेपून द्यायची. बढती गेली, ठरलेलं लग्न मोडलं, पण तोंडातून ब्र नाही. सरांचे उपकार मात्र उठता-बसता. ऑक्टोबरात सर गेले, तेव्हा त्यांच्या सख्ख्या मुलींपेक्षा ही जास्त रडली.

काय म्हणालीस? कमांड दिली तर एकच भाग सुटेल कसा? हुशार आहेस. चार वर्षांत आम्हा कुणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नाही. थांब जरा, तिथंच येतोय.

तिनं एंटर दाबलं. पहिली ओळ आली. एक भाग बदलला... आणि थांबलं.

दोन मिनिटांनी दुसरी ओळ आली. मग तिसरी. मशीन अडकलंय की काय, म्हणून तिनं तपासलं. मशीन निवांत होतं.

मग तिला आवाज आला. टक्... टक्... एका बोटानं टाइप केल्याचा. सरांच्या केबिनमधून.

सर जन्मभर एकाच बोटानं टाइप करायचे. आम्ही चिडवायचो त्यांना. कमांडवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, नंबर बदलायचे तर एकेक फाइल उघडून हातानं. पण आता केबिन रिकामी होती. कंप्युटर, कीबोर्ड, सगळं मीच उचलून नेलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

टक्... एक ओळ. टक्... आणखी एक.

एकवीस ओळी झाल्या. आवाज थांबला.

बाविसावी आली नाही.

तिच्या अंगावर काटा आला. पण तो भुताचा नव्हता, पोरांनो. तिनं चार वर्षांपूर्वीची नोंद उघडली. लाजेपायी इतक्या वर्षांत एकदाही उघडली नव्हती. दोन दहा. दोन तेरा. दोन पंधरा... एकवीस वेगवेगळ्या नोंदी. हातानं बदललेले नंबर. तिनं आयुष्यात कधी हातानं नंबर बदलला नव्हता. तिनं फोन काढला, आईला त्या रात्री पाठवलेला मेसेज शोधला. एक वीस. "सोफ्यावर पडते आता."

त्या पहाटे जाग आली तेव्हा सरांचा कोट अंगावर होता. ती माया म्हणून तिनं चार वर्षं जपली होती. माणसानं केसानं गळा कापला होता, आणि वर पांघरूण घातलं होतं.

ती केबिनच्या दाराशी गेली.

"सर?"

...

"सर, तुम्ही बसला होतात माझ्या मशीनवर?"

...

"चार वर्षं मी त्या बाईंचे पाय धरले, सर. मी! तुम्ही बघत होतात. दर सोमवारी विचारायचात, कशा आहेत बाई म्हणून." तिनं दारावर थाप मारली. "नुसतं हो म्हणा."

...

मग आतून... टक्.

एकदाच.

ती धावत जागेवर आली. बाविसाव्या भागावर नवा नंबर चढला होता.

सकाळी तिनं कंपनीच्या साहेबांना सगळं दाखवलं. जुन्या वेळा, आईचा मेसेज. साहेब म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." महिन्याभरात तिनं नोकरी सोडली. जाताना मला म्हणाली, "काका, ते स्वतःचं अर्धवट काम पुरं करायला आले. माझं नाव सोडवायला नाही आले." खरंच आहे. ती जुनी नोंद आजही तिच्याच नावावर आहे.

आता एक सांगतो आणि गप्प बसतो. सर गेल्यावर त्यांचं खातं मी माझ्या हातानं बंद केलंय. त्यातून कुणालाही काही नोंदवता येत नाही. तरी तुमच्यापैकी कुणीतरी बाविसाव्या भागाची नोंद उघडा. उघड, घाबरतोस काय. अकरा नोव्हेंबर, दोन त्रेपन्न. नाव सरांचं. आणि खाली शेरा आहे, दोनच शब्दांचा.

'राहिलं होतं.'

कुणाकडून, ते लिहिलेलं नाही.