वादीची गाठ

सिन्नरहून नाशिकला येणाऱ्या एसटीत कुमुद गांगुर्डेला खिडकीची जागा मिळाली होती आणि ती सुखात होती. मोहदरीच्या घाटात गाडी वळली, तसा दांडीला धरून उभा असलेला एक उंच, सावळा माणूस झुकला आणि जाळीतला फुटबॉल सरळ तिच्या मांडीवर ठेवून मोकळा झाला.

"जरा धरा. पण दाबू नका हं... आत्ताच तेल पाजलंय त्याला."

नाशकातला द्वारका चौक येईपर्यंत त्याचं लक्ष चेंडूवरच. तिच्याकडे पाहिलं ते उतरताना – साडीवर उमटलेला एरंडेलाचा गोल डाग दिसला तेव्हा.

"अरेरे..."

"असू दे. तुमचं लेकरू सुखरूप आहे ना?"

तो हसला. कपाळावर भुवईच्या वर जुना व्रण होता. हसताना तो भुवईबरोबर वर चढायचा. हे आपल्या लक्षात राहिलं, याचा कुमुदला घरी पोचेपर्यंत राग येत होता.

सोमवारी तोच माणूस कॉलेजच्या ग्रंथालयात तिच्या टेबलापुढे उभा. हातात साबणाची वडी.

"मल्हारी पगारे. फुटबॉलचा नवा कोच. ही... डागासाठी."

डाग गेला नाही. पण सराव संपला की मल्हारी पेपर वाचायला यायला लागला, आणि खेळाचं पान कुमुद त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागली.

"आज कुणीतरी माझ्याआधी वाचलेलं दिसतंय. हळदीचं बोट उमटलंय."

"उंदीर असेल."

"हळद लावून येतो का?"

अनवाणी खेळणाऱ्या पोरांमधून त्यानं संघ उभा केला. फुटबॉल सगळे जुने, चामड्याचे. आत हवेचं ब्लॅडर घालून त्यांचं तोंड चामड्याच्या वादीनं शिवावं लागे. गाठ नीट आत दडली नाही, तर डोक्यानं चेंडू मारणाऱ्याचं कपाळ फुटे. त्याच्या कपाळावरचा व्रण तसल्याच गाठीचा. म्हणून वादी तो कुणालाही बांधू देत नसे. एकदा कुमुद म्हणाली होती, "मला शिकवा की." त्यानं मान हलवली होती. "तुम्हाला नको."

आणि आता, ग्रंथालयाच्या खिडकीतून ती काय पाहत होती? मैदानाच्या पायरीवर सुरय्या बसलेली. गोलकीपर अन्सारची बहीण, पहिल्या वर्षाची पोर. मांडीवर चेंडू, हातात वादी. शेजारी मल्हारी – एकेका भोकावर बोट ठेवून समजावतोय!

कुमुदनं खेळाचं पान रॅकच्या तळाशी कोंबलं.

"मॅडम, आजचं पान?" संध्याकाळी तो म्हणाला.

"सुरय्याला विचारा. तिच्या हाताला बरं सगळं जमतं."

"खरंच जमतं," तो निरागसपणे म्हणाला. कुमुदनं शिक्का इतक्या जोरात मारला की शाई उडाली.

दुसऱ्या दिवशी सुरय्याच उड्या मारत आली. "मॅडम, मॅडम! सर बोलले, माझी गाठ त्यांच्यापेक्षा भारी बसते."

"पुस्तक उशिरा आणलंस. दंड पडेल."

"मॅडम, अजून तारीख कुठे झालीय?"

झाली नव्हती. कुमुदला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती तडक मैदानावर गेली. मल्हारी एकटाच गोलची जाळी गुंडाळत होता.

"मी मागितलं तेव्हा नको. आणि तिला लगेच?"

तो जाळी सोडून उभा राहिला.

"सुरय्या इथे राहणार आहे, म्हणून."

"म्हणजे?"

"जूनपासून मी कोल्हापूरला. तिकडच्या कॉलेजनं बोलावलंय. तिथं पेठापेठांतून फुटबॉल खेळतात... कोचला आणखी काय हवं असतं? पण मागे या पोरांची कपाळं कुणीतरी सांभाळायला हवीत. धुळ्याहून निघालो तेव्हाही एकाला गाठ शिकवली. मनमाडहून निघालो तेव्हाही."

कुमुदला वाटलं, सुरय्या परवडली असती. एका पोरीशी भांडता येतं. अख्ख्या कोल्हापूरशी कसं भांडायचं?

"छान झालं," ती म्हणाली. "मग मलाही शिकवायचं. मी तरी कुठे जाणार आहे..."

"म्हणून तर नाही शिकवलं." तो जाळीच्या दोऱ्याशी चाळा करत राहिला. "मागे राहणाऱ्याला गाठ शिकवतो मी. तुम्हाला... तुला मागे नाही ठेवायचं, कुमुद."

मैदानावर धूळ उठून पुन्हा खाली बसली.

"माझी पर्मनंट नोकरी आहे," ती म्हणाली.

"ग्रंथालयं तिकडेही आहेत."

"आणि तिकडे चेंडू कोण बांधणार?"

"मी."

"मग मी काय करायचं?"

"मांडीवर धरायचा," तो म्हणाला. व्रण भुवईबरोबर वर चढला. "दाबायचा नाही."

मे महिन्यात बुद्धविहारात लग्न झालं. दोन दिवसांनी कोल्हापूरला जाताना एसटी सिन्नरच्या रस्त्याला लागली, तेव्हा लग्नातल्या पांढऱ्या साडीवर जुना टॉवेल पसरून कुमुद आधीच तयार बसली होती. मल्हारीनं पोरांनी भेट दिलेला फुटबॉल तिच्या मांडीवर ठेवला. तिनं वादीवरून बोट फिरवलं. गाठ कुठे लागेचना, इतकी सुरेख आत दडली होती. सुरय्याचीच असणार.

मल्हारीनं पुन्हा त्या गाठीचं कौतुक करायच्या आत कुमुदनं टॉवेलचं टोक वादीवर ओढलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.