यल्लव्वानं कुंकू लावलेला डोळा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण ही घडलेली गोष्ट आहे, आणि कृष्णाजीमामा थापा मारणाऱ्यातले नव्हते.

साल चौसष्ट. बेंगळूरला यशवंतपुराकडचा, पत्र्याचे डबे करणारा कारखाना. आणि रात्र नव्हे हं... भर दुपार.

मामा पत्रा दाबणाऱ्या ज्या प्रेसवर होते, तिनं आधीच्या देवाप्पाचा उजवा हात खाल्ला होता. हात गेला, मागोमाग बिचारा देवाप्पाही गेला. मग मालकांना जाग आली. त्यांनी प्रेसला विजेचा डोळा बसवला. एका बाजूला दिवा, समोर डोळा. मध्ये हात आला, उजेड अडला की प्रेस जागच्या जागी थांबायची.

खंडेनवमीला, म्हणजे इकडच्या आयुधपूजेला, देवाप्पाची बायको यल्लव्वा आली. तिनं डोळ्याला कुंकू लावलं. मामांकडे बोट दाखवून म्हणाली, "या अण्णाचा हात तरी नीट बघ रे बाबा."

दसरा झाला आणि प्रेस थांबायला लागली.

मध्ये हात नाही, काही नाही. तरी खट्... बंद.

कुंकू काचेवर आलं असेल म्हणून मामांनी सगळं पुसून काढलं. काच लख्ख. दिवा चालू.

खट्... बंद.

मामांनी वाकून पाहिलं. काचेवरच्या उजेडात सावली होती.

मध्ये कुणीच नव्हतं...

फोरमन विश्वासराव वैतागले. माल अडला होता. त्यांनी डोळ्याच्या वायरी काढल्या, प्रेस थेट जोडून दिली. "सरी, झालं ठीक, आता चालव," म्हणाले. मामांनी एकदा त्या सुट्या वायरींकडे पाहिलं. पण घरी खाणारी तोंडं, नाही म्हणणार कसं?

थोड्या वेळानं पत्रा साच्यात अडकला. मामांनी हात घातला.

पाय प्रेस चालवायच्या पेडलवरच राहिला होता...

प्रेस सुटली.

आणि थांबली. बोटांच्या वीतभर वर.

डोळ्याच्या वायरी तशाच लोंबत होत्या.

हात ओढून घेतला, तर मनगटावर कुंकवाची बोटं. कुणीतरी घट्ट धरल्यासारखी.

मामा तसेच यल्लव्वाकडे गेले. ती घाबरली नाही. त्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघितली, अंगठा कुठल्या बाजूला येतो ते पाहिलं. मग म्हणाली, "डावा हाय."

देवाप्पापाशी तेवढाच उरला होता.

दुसऱ्या दिवशी मामांनी भांडून वायरी परत जोडून घेतल्या. त्यानंतर प्रेस उगाच कधी थांबली नाही.

मामांना त्याचीच जास्त भीती वाटायची. रिटायर होईपर्यंत साच्यात हात घालण्याआधी ते क्षणभर थांबायचे, कुणीतरी आपल्याला अडवतंय का ते बघायला...