रत्नमालाची बकरी

भागिरथा इंगोले यांच्या पाटीवर 'खासगी तपास' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. पण वाशीमचे लोक त्यांच्याकडे यायचे ते बहुतेक सोयरीक जुळवण्याआधी. मुलगा पितो का, मुलीच्या बापानं सांगितलेलं वावर खरंच त्याच्या नावावर आहे का, एवढ्यापुरते. खून-दरोडे बाईंच्या वाट्याला कधी आले नाहीत. त्यांचे तपासातले जोडीदार, सेवानिवृत्त हवालदार धनसिंग राठोड, या गोष्टीचं फार दुःख करत.

म्हणून त्या सोमवारी अनसिंगचे उकंडराव भगत खुर्चीत टेकता टेकताच "माह्याकडं चोरी झाली," म्हणाले, तेव्हा धनसिंगनी चहाचा कप बाजूला सारून वही उघडली.

"काय गेलं?"

"बकरी."

धनसिंगनी वही मिटली.

उकंडराव गणिताचे निवृत्त शिक्षक. वय अठ्ठ्याहत्तर, सदऱ्याला कडक इस्त्री. त्यांनी पिशवीतून एक जुनी कॅसेट काढून टेबलावर ठेवली. "बकरी याच्यात होती. कॉम्प्युटरचा गेम हाये तो. माह्या रत्नमालानं लिहिला. अठ्ठ्यांशी साली, तेरा वर्षांची असताना."

त्या काळी त्यांच्या शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले होते. टीव्हीला जोडायचे आणि वापरायचे. पण त्यांच्या पोटात काही साठवायची सोय नव्हती. वीज गेली की दिवसभर लिहिलेलं सगळं गेलं. म्हणून प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवर, गाण्याच्या कॅसेटवर, आवाजाच्या रूपानं भरून ठेवायचा. पुन्हा हवा असला की कॅसेट वाजवून तो आवाज कॉम्प्युटरला ऐकवायचा. पुढं शाळेनं ती यंत्रं भंगारात काढली आणि एक उकंडरावांनी घरी आणलं.

रत्नमाला पंधराव्या वर्षी काविळीनं गेली. तिच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, फोटो एकच, तोही लग्नघरातल्या गर्दीतला. राहिली ती ही कॅसेट. तिच्या दर वाढदिवसाला सर दार लावून घेत आणि तो गेम एकदा खेळत.

"यंदा रेकॉर्डरचा पट्टा तुटला," सर सांगू लागले. "मालेगावच्या विकास गोटेकडं दुरुस्तीले देला. माहाच विद्यार्थी. परवा त्यानं आणून देला, मी कॅसेट लावली, तं कॉम्प्युटर काही ओळखतच नाई. आवाज ऐकला. पस्तीस वर्षांपासून मी तो आवाज ऐकून राह्यलो बाई. शिट्टीसारखा टोकदार असते. आता तोंडावर हात ठेवून कोनी बोलल्यासारखा येते. ही तिची टेप नाई. कोनंतरी आतली टेप बदलली."

"कोनं?"

"विकासनं. तीन वेळा कॅसेट मागतली होती त्यानं. दुकानात जुन्या कॉम्प्युटरचं प्रदर्शन करायचं म्हने. मी नाई म्हणलं. रेकॉर्डर द्याले आला तवा मी अंघोळीले गेलतो. वीस मिनिटं खोलीत एकटा होता, आन खिशात स्क्रू काढायचा पेचकस. संध्याकाळी ठाण्यात तक्रार देतो मी. त्याच्याआधी मले माही टेप पाह्यजे."

एवढं बोलून त्यांनी कॅसेट बाईंकडं सरकवली. धनसिंगनी वही पुन्हा उघडली आणि 'विकास गोटे' या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

बाईंनी कॅसेट उजेडात धरली. वरच्या चिठ्ठीवर निळ्या शाईत 'बकरी, रत्नमाला उ. भगत, ८ ब' असं लिहिलेलं. कॅसेटीच्या पाचही स्क्रूंवर गंजाचा पातळ थर होता.

"चला," त्या म्हणाल्या. "आधी घर पाहू."

धनसिंगच्या मोटरसायकलवर दोघं सरांच्या ऑटोमागोमाग अनसिंगला पोचले. घरात रंगकाम चाललं होतं. सरांचा मुलगा अश्वजित पंचायत समितीत नोकरीला. त्यानं आढेवेढे न घेता सांगून टाकलं.

"मी त्या कॅसेटच्या पेटीले कटाळलोच होतो ताई, खोटं काहून बोलू. रंगकामाच्या वक्ती म्हणलं, बाबा, हे सारं भंगारात देऊ. बाबा दोन दिवस जेवले नाईत. मंग हात नाई लावला बुवा. पेटीची चावी त्यायच्याच कमरेले असते."

"पेटी होती कुठी रंगकामात?"

अश्वजितनं बायकोकडं पाहिलं. सरांची सून निकिता पदराला हात पुसत पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता. "मोठ्या स्पीकरवर ठेवली होती मी. दोन दिवस. स्पीकरमदी चुंबक असते, त्यानं टेप पुसते, असं मले कालच कोनी सांगतलं. मामाजीले सांगाची हिंमत नाई झाली. माह्यानंच पुसली असन तं?"

धनसिंगनी विकासच्या नावाशेजारी 'सून' असंही लिहिलं. एका चोरीला दोन चोर, त्यांना जरा बरं वाटलं.

"पाहू," बाई म्हणाल्या. "सर, वाजवा तं खरं."

रेकॉर्डर काळा, वीट उभी ठेवावी तेवढा. आवाजाच्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

"हा रत्नाचा," सर म्हणाले. "आवाज बरोबर एवढाच लागते. कमी-जास्त झाला की कॉम्प्युटर समजत नाई. पयल्या उन्हाळ्यात हेडमास्तरनं मले एक कॉम्प्युटर सुट्टीपुरता घरी नेऊ देला. तं शाळेत भरलेली ही कॅसेट या रेकॉर्डरवर चालेचना. मी डोकं धरून बसलो. दुसऱ्या दिवशी आलो तं चालून राह्यली होती. 'झालं बाबा' म्हने. ठिपका दाखवला. एवढीशी पोरगी."

कॅसेट सुरू झाली. घरंगळत जाणारा एक सलग किरकिराट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पण गोधडीखालून आल्यासारखा. टीव्हीवर काहीच उमटलं नाही. सरांनी तोंड फिरवलं.

"निकिता, तू या रेकॉर्डरवर काही ऐकतं का?" बाईंनी विचारलं.

"पट्टा तुटायच्या आधी ऐको. बाजारातल्या भीमगीतांच्या कॅसेटी हायेत ना. आमच्या घरी त्या नेहमीच बसक्या आवाजात वाजत. आता दुरुस्तीपासून मात्र खणखणीत. विकासभाऊनं काम चांगलं केलं, ते सांगतलंच पाह्यजे."

"आन बाजारातली नाई, अशी एखादी?"

निकितानं कपाटातून एक कॅसेट आणली. "आत्याबाईचा आवाज हाये. पाळण्याची गाणी. ह्याच रेकॉर्डरवर भरली होती, ह्यायच्या लहानपणी. माह्या पोरीले मी हीच लावून झोपवलं. काल लावली तं ही बी बसल्यासारखी वाटली. जुनी झाली असन."

बाईंनी ती वाजवली. उकंडरावांची दिवंगत पत्नी वच्छला गात होती, पण शब्द धड उमटत नव्हते. बाईंनी बटण बंद केलं आणि नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांचं 'बरं' ओळखणारे धनसिंग सावध झाले, पण त्यांना कळलं काहीच नाही.

मालेगावला बसस्टँडसमोर विकासचं दुकान. भिंतीला लागून जुने कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर प्लॅस्टिकचं आवरण. पन्नाशी उलटलेला विकास स्टुलावर बसला होता. हातात काम होतं, पण हात चालत नव्हते.

"सर काल, बाजाराच्या दिवशी, इथी आले," तो म्हणाला. "भर रस्त्यात चोर म्हणाले मले. माही पोरगी गल्ल्यावर बसली होती. मी काय बोलू? त्यायनं शिकवलं म्हणून दुकान हाये हे."

"कॅसेट काहून मागत होता?"

"तिची एक प्रत काढून ठेवावी म्हणून. टेप कवा जाईन सांगता येत नाई. रत्ना आन मी एका वर्गात होतो. मी तिच्या बाजूले बसून पाह्यलं, तो गेम लिहितानी. सरायले वाटलं मले मालकी पाह्यजे."

"त्यायच्या घरी वीस मिनिटं काय केलं?"

"तिच्या फोटोजवळ बसलो होतो. पेटीले कुलूप होतं."

"आन रेकॉर्डरले काय काय केलं? सगळं सांग."

"पट्टा बदलला. हेड, टेपेले टेकते तो, साफ केला. मंग बाजारातली गाण्याची कॅसेट लावून पाह्यली, तं आवाज बसका. हेड तिरपा झाला होता, जुनं यंत्र. स्क्रूवर लाल रंग होता, कंपन्या लावतात तसा. तो फोडून स्क्रू फिरवला, हेड सरळ केला. त्याचे पैसे बी नाई घेतले."

"दुरुस्तीनंतर बकरी तू ऐकली?"

"कुठून? ती कॅसेट सर घराबाहेर जाऊ देत नाईत. आन आता तं मलेच दारात येऊ देत नाईत."

"मी येऊ देतो," बाई म्हणाल्या. "बारीक पेचकस घे."

धनसिंग बाहेर येऊन कुजबुजले, "चोराच्याच हाती पेचकस? ठाण्यात फोन लावू का?"

"लावा. पन अनसिंगले पोचल्यावर, गरज पडली तं."

विकासला पाहताच उकंडराव उठून उभे राहिले. बाईंनी त्यांना हातानं बसवलं.

"सर, तुमी गणिताचे. मी मांडतो, चुकलं तिथी थांबवा. पयली गोष्ट, टेप बदलायची तं कॅसेट उघडाव लागन. तिच्या स्क्रूवरचा गंज जसाच्या तसा हाये. पेचकस लागला असता तं गंज खरवडला असता. म्हणजे ती उघडलीच नाई. आन चिठ्ठी तिच्याच अक्षरातली."

सरांनी कॅसेट हातात घेऊन स्क्रू पाहिले.

"दुसरी गोष्ट, निकिताचा चुंबक. चुंबकानं पुसलं तं कुठी जाते, कुठी राह्यते. इथं आवाज सलग हाये, फक्त बसका. पोरी, तुया हातून काही झालं नाई."

निकितानं डोळ्याला पदर लावला. अश्वजित तिच्याजवळ सरकून उभा राहिला.

"मंग आवाज बसला काहून?" धनसिंगना राहवलं नाही.

"वच्छलाबाईचाही बसला ना. हवालदार, सांगा, पाळण्याची गाणी कोन चोरन? बदलून कोनाले काय भेटन? एकाच दिवशी दोन कॅसेटी बसल्या, आन त्याच दिवशी बाजारातल्या कॅसेटी खणखणीत झाल्या. कॅसेटी एवढ्या ठरवून बिघडत नाईत. बिघडल्या त्या दोन, आपल्या हातानं भरलेल्या. सुधरल्या त्या बाजारातून भरून आलेल्या. म्हणजे बदलला रेकॉर्डर."

विकासनं मान वर केली. त्याला आता उमजत होतं आणि चेहऱ्यावरचा रंग उडत होता.

"हेड," तो म्हणाला.

"हो. टेपेवरचा आवाज उचलतो तो हेड. ज्या तिरपेपनानं भराव, त्याच तिरपेपनानं वाजवाव लागते. या रेकॉर्डरचा हेड पस्तीस वर्षं तिरपा होता. बाजारातल्या गाण्यायले ते चालेना. घरच्यायले तेच बरोबर होतं. तू सरळ केलास, चांगल्या मनानं केलास. कोनीही कारागिरानं हेच केलं असतं."

"पन तिरपा झाला कसा?" अश्वजितनं विचारलं.

"झाला नाई. केला. सर, शाळेतली कॅसेट इथं चालत नव्हती, दुसऱ्या दिवशी चालली. नुसत्या आवाजाच्या ठिपक्यानं ते होत नाई. शाळेच्या रेकॉर्डरचा हेड तिरपा होता. पोरीनं तुमी नसताना पेचकस घेतला आन घरचा हेड तेवढाच तिरपा केला. स्क्रू हलू नये म्हणून वरून नेलपॉलिश लावलं. विकासले वाटलं कंपनीचा रंग हाये."

सरांनी बटणावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "वच्छला तवा भांडली होती. गाणे खराब येऊन राह्यले म्हने, कोनी बिघडवला रेकॉर्डर. रत्ना भाकर खात हासत होती. मले समजलंच नाई."

बाईंनी रेकॉर्डरचं झाकण उघडून बॅटरीचा उजेड पाडला. बारीक स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा अर्धा थेंब होता. उरलेला अर्धा खालच्या पत्र्यावर, जरा बाजूला.

"दोन अर्धे जुळले पाह्यजेत," त्या म्हणाल्या. "ती जागा तिनं ठरवलेली. विकास, तू फिरव."

विकासनं पेचकस घेतला. त्यानं स्क्रू केसभर फिरवला, थांबला, पुन्हा केसभर. लाल थेंब एक झाला. निकितानं कॅसेट लावली. आवाज टोकदार, कानाला झोंबणारा, शिट्टीसारखा निघाला आणि म्हातारे उकंडराव तो ऐकून उघड रडले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

चार मिनिटं सगळे टीव्हीकडं बघत बसले. मग काळ्या पडद्यावर नाव आलं, रत्नमालाचं, आणि खाली विहिरींनी भरलेलं एक वावर. त्यात एका कोपऱ्यात बकरी, दुसऱ्या कोपऱ्यात घर.

"चालव," सर विकासला म्हणाले.

विकास यंत्रासमोर बसला. डोळ्यांत पाणी असल्यामुळं त्याला नीट दिसेना. तिसऱ्याच पावलाला बकरी विहिरीत गेली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: बकरी पडली. पुन्हा खेळायचं? हो असेल तर एच, नाही तर एन.

विकासनं हात मागं घेतला.

"मी तुले भर बाजारात चोर म्हणलो," उकंडराव म्हणाले. "तुया पोरीसमोर."

"जाऊ द्या सर."

"जाऊ कसं देऊ? येत्या बाजाराच्या दिवशी मी तुया दुकानात येतो. तुया पोरीसमोरच सांगतो, माहं चुकलं म्हणून. आन या कॅसेटची प्रत तू काढ."

सरांनी आपली खुर्ची विकासच्या खुर्चीला भिडवली, चष्मा सारखा केला आणि स्वतःच्या बोटानं एच दाबला.