जहाज थांबतं तेवढाच वेळ

जहाजाचा पुढचा दरवाजा धाडकन धक्क्यावर टेकला आणि आतून ट्रक, मोटारसायकली, बॅगा ओढणारी माणसं एकदमच बाहेर सांडली. मिर्सिनी टाचा उंचावून एका म्हाताऱ्याला शोधत होती. जहाजावरच्या इंजिन खात्यातला कोणी स्टामाटिस जुना प्रोसेसर विकतोय, एवढंच तिला जाहिरातीतून कळलं होतं. पांढऱ्या मिशा तिने आपल्याच मनाने लावल्या होत्या.

"प्रोसेसर घ्यायला आलेल्या तुम्हीच ना?"

वळली तर समोर जेमतेम तिशीचा तरुण! गालावर वंगणाचा डाग... आणि डोळ्यांत हसू.

त्याने मिठाईची छोटी डबी पुढे केली. आत स्पंजावर प्रोसेसर.

"जपून हं. खाली शेकडो पाय आहेत त्याला. एक जरी वाकला—"

"मला येतं सगळं."

"दिसतंय की. डबी उलटी धरलीत."

ती हसली, तोवर भोंगा वाजलासुद्धा. कटापोलासारख्या छोट्या ग्रीक बंदरात जहाज थांबून थांबून किती थांबणार?

मिर्सिनी बेटावरच्या लग्नांचे व्हिडिओ करायची. अलीकडे व्हिडिओत नवरी हसायला लागली, की तिचा जुनापुराणा लॅपटॉप तिथेच अडकून बसायचा. घरी येऊन तिने तो उघडला, पंखा काढला, प्रोसेसर थंड ठेवणारी, पण वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली, जुना प्रोसेसर काढून हा बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच!

पुढच्या फेरीला ती धक्क्यावर हजर.

"अहो साहेब, बिघडलेला माल गळ्यात मारायला आमचंच बेट सापडलं का?"

ट्रकवाले वळून बघायला लागले. स्टामाटिसचं हसू मावळलं.

"माझ्याकडे नीट चालत होता तो. तुमचा जुना प्रोसेसर असतानाच आधी बायोस अपडेट—"

"चोर ते चोर, वर मलाच शिकवताय?"

भोंगा वाजला. तो आत निघून गेला.

घरी ते अर्धं वाक्य तिला टोचत राहिलं. शेवटी तिने जुना प्रोसेसर परत बसवला, शोधाशोध केली. खरंच की! लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी जागं होणारं ते बायोस इतकं जुनं होतं, की नव्या प्रोसेसरला ओळखतच नव्हतं. तिने ते अपडेट केलं, मग नवा बसवला. पडदा उजळला. नवरी न अडखळता हसली. मिर्सिनी मात्र कपाळाला हात लावून बसली.

आणि नेमका तेव्हाच वारा सुटला. जहाजं बंद! फोनवर 'चुकलं माझं' लिहायची, पुसायची. चारचौघांत केलेला अपमान फोनवर कसा निस्तरायचा? सारखी खिडकीशी, सारखी गच्चीवर...

"तू बघत राहिलीस म्हणून समुद्र शांत होणारे का गं?" आई म्हणाली. "जेव आधी. वांगी गार झाली."

"भूक नाही."

"बेटावर मुलं काय कमी होती, म्हणून जहाजावरचा शोधलास?"

"आई!"

अखेर जहाज आलं, पण स्टामाटिस दिसेना. दोरखंड टाकणाऱ्या खलाशाला तिने विचारलं.

"तो या बंदरात वर येतच नाही म्हणतो. कुणी पोरगी त्याला चोर म्हणाली म्हणे."

"ती मीच."

"मग जा की आत! माझं तोंड काय बघतेस?"

इंजिनघराच्या दाराशी तो हात पुसत उभा होता. आतून कान फाटतील असा आवाज येत होता.

"चुकलं माझं!" ती ओरडली.

"काय?"

"चुकलं म्हणतेय! प्रोसेसर झकास चालतोय!"

"ऐकू येत नाही!"

पण त्याचे ओठ हसत होते. लबाड!

"सगळं ऐकू येतंय तुला!"

"'तू' म्हणालीस तेवढं आलं."

ती लाजली. भोंगा वाजला.

"उतर लवकर, दरवाजा बंद होतोय. पुढचं बंदर एकदम बेटाच्या त्या टोकाला, एगिआली."

"माहितेय. घरी परत यायला तिथून बस असते."

"आणि बस चुकली तर?"

"चुकू दे." ती त्याच्या जवळ सरकली. "स्टामाटिस, इतके दिवस जिवाला चैन नव्हती. आधी वाटलं, माफी मागायची राहिलीय म्हणून. पण आता मागून झाली, तरी... तसंच होतंय."

पायाखालची लोखंडी जमीन थरथरली. जहाज धक्क्यापासून सुटलं होतं. स्टामाटिसने हात विजारीला पुसले, पुन्हा पुसले, आणि तिचा हात धरला.

"मलाही," तो म्हणाला. इंजिनाच्या गोंगाटातही ते तिला नीट ऐकू आलं.